सयाजीराव महाराज आणि गावची शाळा

(महाराजांच्या जयंतीनिमित्त केलेले भाषण)



नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात गोपाळराव नावाचा मुलगा जन्मास आला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळख नव्हती. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यास दत्तक घेतले आणि तो बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसला. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती पूर्ण राज्याधिकार आले. अक्षराचे मोल त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. म्हणूनच ते रयतेस देण्याची तळमळ त्यांना लागली.

१८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, व १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा वर्षे शाळा आवश्यक ठरली. मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. गुरे कोण राखील, धाकट्या भावंडास कोण सांभाळील, हा गरिबाचा प्रश्न तेव्हाही खरा होता. तरी महाराज मागे हटले नाहीत.

शाळेत शिकलेले अक्षर पुस्तकावाचून विसरले जाते. यास्तव १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणून महाराजांनी गावोगाव वाचनालयांची योजना आखली. गावाने काही रक्कम जमवावी आणि तितकीच भर सरकारने व लोकल बोर्डाने घालावी, अशी ती रीत होती. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात, आणि वाहतुकीचा खर्च सरकार सोसे. गावाचा वाटा प्रथम, हे तत्त्व ग्रामस्थांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बालविवाहास १९०४ साली कायद्याने बंदी झाली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या. परंतु त्यांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. कचेरीत शिपाईही त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. अखेर त्यांना बडोदा सोडावे लागले.

मित्रहो, ही गोष्ट जयंतीच्या दिवशी झाकून ठेवू नये. राजाची आज्ञा शाळेचे दार उघडू शकली, घराचे दार उघडू शकली नाही. ते उघडणे शेजाऱ्यांच्या हाती होते, आणि आजही आहे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले. त्यांचे स्मरण करावयाचे तर शाळेत न येणारे मूल गुरुजींनी हुडकावे, बंद पडलेले वाचनालय गावाने उघडावे, आणि तेथे सर्वांनी एका पंक्तीत बसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.