शस्त्र ठेवायला जागा कुठे?

समाजकार्याच्या या परिषदेत अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पण तो कार्यवाहांच्या अहवालात छापून आला आहे. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो आपल्याकडे चहाच्या वेळी हटकून निघतो आणि ठरावाच्या वेळी हटकून मागे पडतो. तरुणांनी हातातले शस्त्र खाली ठेवावे असे आपण म्हणतो. मग ते कुठे ठेवायचे, हे कोण सांगणार?

याचा मोठा अनुभव ब्रिटनच्या गाठीशी आहे. २००६ च्या मे-जूनमध्ये तिथे सुमारे पाच आठवड्यांची मोहीम झाली. चाकू आणून द्या, बाळगल्याबद्दल खटला नाही, अशी हमी होती. जवळपास नव्वद हजार चाकू जमा झाले. लंडन पोलिसांच्या पाहणीत मात्र चाकूचे गुन्हे तेवढ्यापुरते घटले आणि काही आठवड्यांत पूर्ववत झाले. १९९३ मध्ये ग्लासगो परिसरातल्या ‘ऑपरेशन ब्लेड’ या चाकूविरोधी मोहिमेनंतरही भोसकल्याने गंभीर जखमी झालेले रुग्ण काही महिने कमी झाले, मग पुन्हा वाढले. टीकाकार यावरून अशा योजनाच निकालात काढतात. मला यातून एवढेच सिद्ध झालेले दिसते, की मुदतीची मोहीम मुदतीपुरताच परिणाम देते. ज्या मुलाचे मन जुलैत पालटले, त्याला जूनमध्ये संपलेल्या सवलतीचा काय उपयोग?

मुदतीइतकेच अंतर महत्त्वाचे. १९८८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी चाकू बाळगणे गुन्हा आहे. सूट आहे ती फक्त तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला. म्हणजे पोलिस ठाण्यात चाकू जमा करायला निघालेला मुलगा वाटेत अडवला गेला, तर आपला हेतू पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावरच. त्यातच २०१७ मध्ये लंडनने खर्चासाठी पोलिस ठाण्यांच्या खिडक्या कमी करून प्रत्येक बरोमागे, म्हणजे पालिका विभागामागे, एक चोवीस तासांची खिडकी ठेवण्याचे धोरण घेतले. वाट लांबली, आणि ती दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून जात असेल तर ज्या भीतीने चाकू खिशात आला तीच भीती तो खिशात ठेवते. म्हणून ‘वर्ड फोर वेपन्स’सारख्या संस्थांनी वस्तीतच शस्त्र टाकण्याच्या पेट्या बसवल्या, जिथे नाव विचारले जात नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून निंजा तलवारींवर बंदी आली, त्याआधी जुलैमध्ये सरकारनेही लंडन, ग्रेटर मँचेस्टर आणि वेस्ट मिडलंड्समध्ये जादा पेट्या ठेवल्या, फिरती गाडी काढली.

आक्षेप मला ठाऊक आहेत. दोन कोटींहून अधिक घरांच्या देशात नव्वद हजार चाकू म्हणजे शंभर घरांमागे अर्धासुद्धा नाही. नवा चाकू स्वयंपाकघरातून कधीही उचलता येतो. हे खरेच आहे. म्हणून तर पेटीचे यश किलोंत मोजू नये. गादीखाली चाकू सापडलेल्या आईपुढे आज दोनच मार्ग उरतात, मुलाला पोलिसांकडे नेणे किंवा गप्प बसणे. पेटी तिला तिसरा देते. दुसरा आक्षेप, खुनातले हत्यार पेटीत जाईल आणि पुरावा बुडेल. पण माफी बाळगण्यापुरती असते, आधीच्या गुन्ह्याला नसते. आणि पेटी नसली तर तेच हत्यार नदीत जाते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पेट्यांनी खून घटल्याचा पुरावा कुठे आहे? एकट्या पेटीने ते व्हावे असा माझा दावाच नाही. ग्लासगोत २००५ पासून हिंसा रोखण्याच्या पथकाने पोलिस, शाळा, रुग्णालये आणि रोजगार एकत्र जोडले. कार्डिफमध्ये डॉ. जोनाथन शेफर्ड यांनी जखमींकडून हल्ल्याची जागा नोंदवून घेण्याची पद्धत रुजवली, कारण कितीतरी हल्ले पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. पेटी कुठे हवी, हे अशाच नोंदी सांगतील.

आता आपल्याकडे पाहा. पुण्यात कोयत्याची दहशत माजली की धरपकड होते आणि टेबलावर मांडलेल्या कोयत्यांचे छायाचित्र छापून येते. विक्रेत्यांनी गिऱ्हाईकाची ओळख नोंदवावी, असेही फर्मान निघाले. घरात आधीच असलेल्या कोयत्याचे काय? ऊसतोड मजुराचा कोयता हे त्याचे पोट आहे, तो कुणी मागत नाही. पण गडचिरोलीत बंदूक घेऊन फिरणाऱ्या नक्षलवाद्याच्या आत्मसमर्पणाची योजना हे राज्य २००५ पासून चालवते, आणि सोळा वर्षांच्या पोराला कोयता टाकायला एक जागा देत नाही! ही विसंगती मला वर्षानुवर्षे छळते आहे. एका शहरात, दोन-चार वस्त्यांत, बारमाही पेट्या ठेवून पाहाव्यात. पोलिस, महापालिका आणि रुग्णालये यांच्याशी बोलणी परिषदेने करावीत. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. मात्र हा विषय पुन्हा उपसमितीकडे ढकलणार असाल, तर त्या ठरावाला पहिला विरोध अध्यक्षाचा असेल.