डॉ. ऑस्लर यांचा ग्रंथसंग्रह आणि आपल्या घरातील बयाज



जुन्या ग्रंथांचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे आणि नवाब उभे राहतात. आज मी आपणांस एका डॉक्टराच्या संग्रहाविषयी सांगणार आहे.

सर विल्यम ऑस्लर यांचा जन्म १८४९ साली कॅनडात झाला. १८७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रमुख वैद्य आणि १९०५ पासून ऑक्सफर्डला प्राध्यापक. विद्यार्थ्याला वर्गाच्या बाकावरून उठवून रोग्याच्या खाटेपाशी नेणारे शिक्षक, अशी त्यांची ख्याती होती. हाच माणूस जुने वैद्यकीय ग्रंथ, पत्रे आणि हस्तलिखिते जमवीत राहिला. संग्रह साडेसात हजारांच्या वर गेला.

१९१७ साली त्यांचा एकुलता एक मुलगा महायुद्धात मारला गेला. डिसेंबर १९१९ मध्ये ते स्वतःही गेले. ग्रंथ मॅकगिलला द्यावेत अशी त्यांची इच्छा होती, पण सूची अपुरी होती. आप्त आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ दहा वर्षे खपून ती पुरी केली. १९२९ मध्ये ती छापून निघाली आणि त्याच वर्षी मॉन्ट्रियलला हे ग्रंथालय उघडले. ऑस्लर यांची रक्षाही तेथेच ठेवलेली आहे.

याचा आपल्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. या संग्रहात इराणमधून मिळवलेला एक अरबी ग्रंथ आहे. बाराव्या शतकातील स्पेनचे वैद्य अल-गाफिकी यांनी औषधी वनस्पतींवर लिहिलेला हा ग्रंथ. त्याचा पहिला अर्धा भाग येथे असून पानोपानी रंगीत चित्रे आहेत. ही नक्कल १२५६ सालची. त्यानंतर दोनच वर्षांनी मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. किती ग्रंथ नष्ट झाले असतील! हा वाचला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तो जपला.

जपण्याचा उपयोग काय, याचेही एक उदाहरण देतो. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून थेट डावीकडे झिरपते, असे ग्रीक वैद्य गॅलेन सांगून गेला होता. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहिले की तो पडदा अखंड आहे, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते. युरोपात ही गोष्ट सोळाव्या शतकात लिहिली गेली. इब्न अल-नफीस यांचे हे लिखाण मात्र आधुनिक जगाला १९२४ मध्ये कळले. जर्मनीत शिकणाऱ्या तातावी नावाच्या इजिप्शियन तरुण डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचले म्हणून! ग्रंथ तेथे होताच, उणीव होती ती वाचणाऱ्याची.

आता आपल्याकडे पाहू. १९२० च्या दशकात मॅकगिलसाठी लखनौमधूनही अरबी-फारसी हस्तलिखिते विकत घेतली गेली. ती तेथे सुरक्षित आहेत, हे चांगलेच झाले. पण पालकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात हकीम होऊन गेले असतील. त्यांची बयाज, म्हणजे नुस्ख्यांची वही, एखाद्या पेटीत पडलेली असेल. घर बदलताना, भिंती रंगवताना ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. नातवाला उर्दू-फारसी येत नाही, मोडीचे कागद तर कोणालाच लागत नाहीत. मग घरच्यांना वाटते, कशाला ठेवायची ही धूळ?

माझी विनंती एवढीच की पेटी उघडा, पण घाई करू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. कालांतराने ती पिवळी पडून कागद खाते. प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नका. ओल, ऊन आणि वाळवी यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात ठेवा. वही कोणाची, कोणत्या गावची, घरात कशी आली, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. वडीलधारी माणसे आहेत तोवरच ही माहिती मिळेल. मग जाणकाराला दाखवा. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ सालीच छापली गेली आहे. हे काम आपल्याकडे नवे नाही.

एक सावधगिरीही सांगतो. वहीतला नुस्खा म्हणजे इतिहास. तो वाचून स्वतःवर औषधोपचार करू नका. आजारासाठी डॉक्टरकडेच जा.

विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, पण एक जुनी लिपीही शिका. ऑस्लरसारखी खरेदी आपल्याला झेपणार नाही. आजोबांची एक वही वाचता येणे मात्र प्रत्येकाला झेपेल. पूर्वजांच्या विद्येचा अभिमान आपण सभांतून पुष्कळ सांगतो. त्या विद्येचे एक पान तरी वाचता आले, तर तो अभिमान खरा.