चहाच्या चार पुड्या

१ जून १९६२ रोजी सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रबंदीची हाक घेऊन त्यांना मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन गाठावयाचे होते. बरोबर पैसा बाळगू नका, हा विनोबांचा सल्ला. निष्कांचनाला परक्याचे दार ठोठावावेच लागते. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने देऊ केलेली शिदोरी सतीशकुमारांनी नाकारली. त्यांना ती अविश्वासाची पुरचुंडी वाटली. पलीकडे लाहोरचा एक अपरिचित गृहस्थ त्यांना घरी न्यावयास उभा होता! फाळणीला तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती.

परंतु खरी आठवण राहिली ती तेव्हाच्या सोव्हिएत संघातील जॉर्जियाची. काळ्या समुद्राच्या बाजूला, चहाच्या कारखान्याबाहेर दोन कामगार स्त्रिया भेटल्या. पत्रक वाचून त्यांनी या वाटसरूंना आत नेले, खाऊपिऊ घातले. मग त्यांतली एक उठली आणि चहाच्या चार पुड्या घेऊन आली. चार राजधान्यांतील सत्ताधीशांना एकेक द्यावयाची. अणुबाँबची कळ दाबण्याचा विचार मनात येईल तेव्हा त्यांनी क्षणभर थांबून हा चहा प्यावा, एवढाच निरोप. मुत्सद्दी याला भाबडेपणा म्हणतील. म्हणोत बापडे!

पुड्या घेऊन दोघे पुढे चालत राहिले. पॅरिसमध्ये त्यांना तुरुंगवास घडला. ते वॉशिंग्टनला पोहोचण्यापूर्वीच, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींची हत्या झाली. गांधीजींच्या समाधीपासून निघालेली ती पदयात्रा १९६४ साली आर्लिंग्टनला केनेडींच्या थडग्यापाशी थांबली.