अंगठा बदलून मिळत नाही



गेले कित्येक महिने एकच प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे. बेज्जूरहून येतो, कौटाल्याहून येतो, कागजनगरहून येतो, प्राणहितेच्या पलीकडून अहेरी-सिरोंच्याहूनही येतो. माणसं वेगळी, पण वाक्य जवळजवळ तेच. "साहेब, आम्ही ओटीपी कुणालाच सांगितला नाही. कुठली लिंक दाबली नाही. फोनसुद्धा आला नव्हता. मग खात्यातले पैसे गेले कसे?"

ही माणसं खरं बोलतात. त्यांनी ओटीपी दिलेला नसतो, कारण तो लागलेलाच नसतो. ओटीपीशिवाय पैसे काढण्याची एक सोय आहे आणि तुमच्यापैकी अनेक जण ती दर महिन्याला वापरता. गावातल्या बँक मित्राकडे जाता, तो छोट्या यंत्रावर तुमचं बोट टेकवायला सांगतो, यंत्र वाजतं, तो नोटा मोजून हातात देतो. त्या वेळी त्याला काय काय लागलं, आठवून पाहा. तुमचा बारा आकडी आधार क्रमांक, तुमच्या बँकेचं नाव आणि तुमच्या बोटाचा ठसा. बस. एटीएम कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळी दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम अशी निघते. ही सोय वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या आजीला लिहितावाचता येत नाही, बसचं तिकीट काढून बँकेपर्यंत जाणं जमत नाही, तिला तिच्या पेन्शनचे पैसे गावातच मिळतात ते हिच्यामुळेच.

पण या तीन गोष्टींतल्या दोन आपण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर स्वतःच्या हातानं टाकतो. कापूस खरेदीचे दिवस आले की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर निरोप येतो: "नाव नोंदवायचं आहे, सगळ्यांनी आधार आणि बँक पासबुकाचा फोटो टाका." आणि तासाभरात दीडशे माणसांच्या ग्रुपवर फोटोंची रांग लागते. आधार, पासबुक, पट्टा पासबुक, एखाद्याचा तर पूर्ण खरेदीखताचा संच. मिरची तोडायला खम्मम-वारंगलकडे जाणाऱ्या टोळ्यांचंही तेच. मुकादम सगळ्यांचे आधार मागवतो, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ते जातात, आणि हंगाम संपल्यावर त्या फोटोंचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन गोष्टी गेल्या, पण अंगठा तर माझ्या हातालाच आहे. तो चोर कुठून आणणार?

कागजनगरहून काझीपेटकडे जाणाऱ्या गाडीत बसा. मंचेरियाल जातं, रामगुंडम जातं, मग पेद्दपल्ली येतं. त्या पेद्दपल्ली जिल्ह्यात, धर्मारामला, २०१८ सालच्या जूनमध्ये पोलिसांनी सिमकार्ड विकणाऱ्या एका माणसाला पकडलं. त्याला जास्त सिमकार्डं खपल्याचं दाखवायचं होतं. त्यानं जमिनीच्या नोंदणीची खरेदीखतं संकेतस्थळावरून उतरवून घेतली. त्या खतांवर काय होतं? जमीन घेणाऱ्या-देणाऱ्यांचे आधार क्रमांक आणि त्यांच्या अंगठ्यांचे ठसे. रबरी शिक्के बनवण्याच्या यंत्रावर त्यानं त्या ठशांचे रबरी अंगठे तयार केले आणि यंत्रावर टेकवले. यंत्रानं ते खरे मानले. अशी सुमारे सहा हजार सिमकार्डं त्यानं चालू केली होती. ज्यांच्या नावावर ती निघाली, ते बिचारे आपापल्या शेतात होते.

हे अमेरिकेत घडलं नाही. आपल्याच रेल्वेमार्गावर घडलं. आणि त्याच पद्धतीनं, खतांवरचे ठसे उचलून, पुढच्या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांत लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले.

म्हणून आज एकच गोष्ट मनापासून सांगायला आलो आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ज्या कागदावर तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे, त्याचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. खरेदीखत टाकू नका. वाटणीपत्र टाकू नका. गटाच्या कर्जाचा करारनामा टाकू नका. नवी जमीन घेतल्याचा आनंद असतो, मला कळतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाच्या नावावर दोन एकर होतात, तेव्हा त्याला सगळ्या सोयऱ्यांना ते दाखवावंसं वाटणारच. दाखवा ना. शेताच्या बांधावर उभे राहा, बायको-पोरांसह फोटो काढा, तो पाठवा. खताचं पान मात्र घरच्या पेटीत राहू द्या.

तुमचा पासवर्ड कोणाला कळला तर तुम्ही दुसरा ठेवता. एटीएम कार्ड हरवलं तर बँक नवं देते. फोन नंबरसुद्धा बदलता येतो. अंगठा बदलून मिळत नाही. त्याचा ठसा एकदा बाहेर गेला की तुमच्या हयातीत तो बाहेरच राहणार. २०१४ साली जर्मनीत तर एका तंत्रज्ञानं तिथल्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायेन यांच्या जाहीर कार्यक्रमातल्या साध्या छायाचित्रांवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार करून दाखवला होता. आपल्याकडे २०२३पासून आधार प्राधिकरणानं यंत्रावरचं बोट जिवंत आहे की रबराचं, हे ओळखणारी अधिक कडक तपासणी आणली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण कुलूप मजबूत झालं म्हणून किल्लीचे ठसे वाटत फिरायचं का?

आणि ग्रुपचे जे अॅडमिन असतात, त्यांना मला आज रागावायचंच आहे. भाऊ, ताई, तुम्ही मदत करता, तुमचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण लोकांचे आधार भर ग्रुपवर मागवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ज्याचा कागद हवा, त्याच्या घरी जा, नाही तर त्याला एकट्याला मागा, काम झालं की त्याच्यासमोर फोटो पुसून टाका. त्या ग्रुपमधल्या दीडशे माणसांना तुम्ही तरी ओळखता का? ज्याचा नंबर बंद होऊन दुसऱ्याच कोणाला गेला, तो अजून तुमच्या ग्रुपमध्ये आहे. कोणाचा फोन पोरगा वापरतो, कोणाचा फोन दुरुस्तीच्या दुकानात पडलेला आहे. मी हे सांगितलं की मला उत्तर मिळतं, "साहेब, सगळे आपलेच लोक आहेत." अहो, आपल्या लोकांच्या फोनमधूनच ते पुढे जातं! एवढे आपले आहेत तर त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या खात्याची काळजी नको?

आधार क्रमांक नुसता बाहेर गेला तर काय बिघडतं, असं शिकलेली माणसंही विचारतात. २०१८ सालच्याच जुलैत, म्हणजे पेद्दपल्लीच्या प्रकरणानंतर महिनाभरात, दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि माझं काय नुकसान करता ते करून दाखवा, असं आव्हान दिलं. शर्मा यांनी त्याआधी आधार प्राधिकरणाचंच काम पाहिलेलं. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, पॅन क्रमांक असं एकेक बाहेर आणून मांडलं. काहींनी त्यांच्या खात्यात एक-एक रुपया पाठवून दाखवला. प्राधिकरणानं तेव्हा म्हटलं की ही माहिती आधारच्या साठ्यातून फुटलेली नाही, ती इंटरनेटवर आधीपासूनच पडलेली होती. ते बरोबरच आहे, आणि माझं म्हणणंही नेमकं तेच आहे. ती वेगवेगळ्या ठिकाणी पडलेली होती. एका माणसानं एक तुकडा आणला, दुसऱ्यानं दुसरा, आणि पूर्ण माणूस समोर उभा राहिला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत प्राधिकरणानंच लोकांना सांगितलं, आधार क्रमांक असा चारचौघांत टाकू नका.

मग रोजच्या कामाला करायचं काय? आधार द्यावंच लागतं. जिथं चालतं तिथं झाकलेलं आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे लपलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. मीसेवा केंद्रात मागितलंत तर तिथला मुलगा काढून देईल.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. तुमच्या बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं. आधारच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, पैसे लागत नाहीत. फक्त तुमचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. कुलूप लावल्यावर खरा अंगठा टेकवला तरी व्यवहार होत नाही, रबरी तर दूरच. बँक मित्राकडे जायचं असेल, रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल, तेव्हा तेवढ्यापुरतं ते उघडायचं. कापसाचे, पीएम किसानचे पैसे खात्यात जमा होणं यामुळे थांबत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या भीतीनं पुष्कळ जण लॉक करत नाहीत. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांचं हे काम घरातल्या शिकत्या मुलामुलींनी एका दुपारी बसून करून द्यावं. आणि ज्यांना दर महिन्याला उघडझाप जमणारच नाही, त्यांनी बँकेत अर्ज देऊन मोठ्या रकमेच्या खात्यावरची अंगठ्यानं पैसे काढण्याची सोय बंद करून घ्यावी, किंवा कापसाचे पैसे मुदत ठेवीत टाकावेत. अंगठ्यानं निघतात ते चालू बचतीतले पैसे.

कापूस वेचून, विळा धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या बायांना यंत्र पुन्हा पुन्हा बोट ठेवायला लावतं. मावशी, प्रत्येक वेळी पावती मागा. "ठसा आला नाही" म्हणाला तरी तशी पावती मागा. पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्या वेळी निघालेले दुसऱ्याच्या खिशात जातात, असं घडलेलं आहे. पावती मागण्यात कोणाचा अपमान नाही.

केरामेरीकडच्या सीमेवरच्या गावांत, परंडोली-मुकदमगुड्यासारख्या ठिकाणी, माणसांकडे तेलंगणाची आणि महाराष्ट्राची अशी दोन्हीकडची कागदपत्रं असतात. तिथं ही काळजी दुप्पट घ्यायची.

बाकीचं थोडक्यात. घर बंद करून तीर्थाला निघालात तर फोटो परत आल्यावर टाका. मुलाचा शाळेच्या गणवेशातला, शाळेचं नाव दिसणारा फोटो टाकू नका. पूर्ण जन्मतारीख फेसबुकवर लिहू नका. फेसबुकनं २०२०पासून आपल्याकडे प्रोफाइल लॉक करायची सोय दिली आहे, ती वापरा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो ओळखीच्यांनाच दिसेल असं ठेवता येतं, तेही करा.

मुलींच्या बाबतीत मात्र एका ओळीत भागत नाही. २०२२च्या जानेवारीत 'बुल्ली बाई' नावाचं अॅप उघडकीला आलं. त्यात मुस्लीम स्त्रियांचे समाजमाध्यमांवरून उचललेले फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडला होता. मुंबई पोलिसांनी तरुण पोरांना अटक केली. त्या स्त्रियांनी काय चूक केली होती? स्वतःचा साधा फोटो लावला होता, बस. तेव्हा तुमच्या मुलीच्या फोटोचा कोणी गैरवापर केला, तर आधी तिच्या हातातला फोन हिसकावून तिची शाळा बंद करू नका. ती तुमच्याकडे सांगायला आली, हेच केवढं मोठं आहे. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. घरी बोलणी खावी लागतील या भीतीनं ज्या मुली गप्प बसतात, त्यांच्याकडून धमकावणारा महिनोन्महिने पैसे उकळत राहतो.

आता, पैसे गेलेच तर. फोन उचला आणि १९३० लावा. देशभर हाच नंबर. उद्या बघू, रविवारनंतर बघू, असं करू नका. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, तो वाटेत अडवता येतो तो पहिल्या काही तासांतच. मग बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमाप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून खबर मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. म्हणून खात्याला एसएमएस चालू ठेवा आणि आलेला प्रत्येक एसएमएस कोणाकडून तरी वाचून घ्या.

आपल्या भागातली मोठी अडचण म्हणजे घर तेलंगणात, खातं चंद्रपूरच्या बँकेत, आणि पैसे निघालेले तिसऱ्याच राज्यात. मग हे ठाणं म्हणतं तिकडे जा, ते म्हणतं इकडे या. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, तुमच्या जवळच्या ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. अदबीनं, पण ठामपणे हे सांगा. सोबत पासबुकाची नोंद करून आणलेली प्रत, पैसे गेल्याची तारीख, वेळ, रक्कम, एसएमएसमधला व्यवहार क्रमांक आणि १९३०वर मिळालेला तक्रार क्रमांक न्या. आणि दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही पाहून घ्या. त्यात जे आपलं नाही, ते तिथंच कळवून बंद करता येतं.