ज्येष्ठांचे ताट : उपचाराचाच एक भाग
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



२०२० व २०२१ या वर्षांत कोविडच्या साथीचा सर्वाधिक आघात वृद्धांवर झाला. मात्र समान वयाच्या दोघांपैकी एक चालत घरी परततो आणि दुसरा अंथरुणास खिळतो. या भेदाचे एक कारण ताप येण्यापूर्वीच्या शरीरस्थितीत असते.

वाढत्या वयात शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या अवस्थेकडे लक्ष वेधले. फ्लू वा कोविडचा संसर्ग झाला की दाह भडकतो, भूक मरते आणि प्रतिकारासाठी लागणारी प्रथिने शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढून घेते. ही शिल्लक मुळातच तुटपुंजी असेल, तर ताप उतरूनही रुग्णाला उभे राहवत नाही. त्यात पडून राहण्याची भर पडते. २००७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांनी केवळ १० दिवस अंथरुणात काढले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो स्नायुभार घटला.

डॉ. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली दुर्बलतेची पाच लक्षणे सांगितली : नकळत घटलेले वजन, थकवा, सैल झालेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेला वावर. पैकी तीन आढळल्यास सावध व्हावे. ‘वयच झाले’ असे म्हणून आपण नेमकी हीच लक्षणे नजरेआड करतो.

ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, तर आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सुचवितात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना आजारात किमान ६० ग्रॅम. चहा-बिस्किटे आणि नुसती पेज यांनी ही गरज भागत नाही. मुगाचे घट्ट वरण, दूध, दही, चालत असल्यास अंडे, असे थोडे थोडे परंतु वारंवार द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आहार हा लसीला वा औषधाला पर्याय नव्हे. तो त्यांचा सोबती आहे.

आप्तांना आमची विनंती एवढीच, की घरातील ज्येष्ठांचे वजन दरमहा नोंदवावे आणि प्रकृती मानवेल तसे त्यांना रोज चालवावे. देणगीदारांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, की मऊ, सकस जेवणाचे ताट आणि ते धीराने भरविणारा हात यांवर होणारा खर्च हाही उपचारावरचाच खर्च आहे.