वाइनचा दिवस आणि आडवी बाटली

नाशिकला सुलाच्या मळ्यात २००५ पासून लोक वाइन चाखायला जातात. उद्या आपल्या तालुक्याच्या गावी कुणी असा दिवस ठरवला, तर गटाने आधी विचारावं: परवाना आहे का? शाळा किती लांब? परतताना गाडी कोण चालवणार?

२०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरवलं, तेव्हा राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं, तर २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान मागता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ‘आडवी बाटली’ निवडावी लागते. म्हणजे घरी राहिलेल्या बाईचं मत उभ्या बाटलीलाच जातं. त्या दिवशी खुरपणीला सुट्टी द्या, शेजारणीला सोबत घ्या.