‘एक हिंदू’ कोण होता?



आरमोरीत आमच्या शेजारचे गृहस्थ एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. मागे त्यांची मुलगी. ती बी.ए. झालेली. आता तिला इतिहासात एम.ए. करून प्राध्यापक व्हायचे आहे, आणि शिकायचा आहे तो विचारांचा इतिहास. ‘चाचा, लढायांचा इतिहास समजते. विचारांचा शिकून पोरीला का भेटते जी?’ कविता लिहिणाऱ्याला बिनपैशाच्या गोष्टी ठाऊक असणार, असा त्यांचा हिशेब. तो फारसा चुकला नव्हता.

मी त्यांना जे. व्ही. नाईकांविषयी सांगितले. नाईक मुंबई विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. एकोणिसाव्या शतकातली मराठी माणसे काय विचार करीत होती, हा त्यांचा विषय. इंग्रज इथली संपत्ती ओढून नेतात, हा विचार दादाभाई नौरोजींचा, असे आपण शाळेत शिकलो. दादाभाईंनी तो १८६७ साली लंडनमध्ये मांडला. नाईकांनी १८४१च्या ‘बॉम्बे गॅझेट’मधली आठ इंग्रजी पत्रे अभ्यासकांपुढे ठेवली. त्यांत हाच आरोप होता, सव्वीस वर्षे आधी. खाली सही एवढीच : ‘एक हिंदू’. लिहिणारा होता भास्कर पांडुरंग तर्खडकर, व्याकरणकार दादोबांचा भाऊ. वय पंचविशीचे. सहा वर्षांनी, १८४७ साली, तो वारलाही.

यामुळे दादाभाई लहान होत नाहीत. पण मोठ्या माणसाच्या तोंडी येण्याआधी विचार कुणाकुणाच्या हातून फिरून येतो, हे कळते. त्यासाठी कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रांच्या चळतीत वर्षानुवर्षे बसावे लागते.

मुलगी म्हणाली, ‘चाचा, ते छापलेलं होतं. आपल्याकडं कुठं आहे छापलेलं?’

मला लगेच उत्तर सुचले नाही. बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी दिले. त्यांनी काय केले ते सरकारी कागदांत आहे. त्यांच्या मनात राज्याविषयी, जंगलाविषयी काय होते, ते मात्र इंग्रजाच्या कागदात कसे सापडावे? कागद नाही म्हणून विचारच नव्हता, असे म्हणायचे का? इतिहासाच्या तत्त्वज्ञानातला हा मोठा प्रश्न त्या मुलीने आमच्या ओसरीवर सहज विचारला.

मलाही एकेकाळी एम.ए. करायचे होते. एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, ‘तुम्ही फारसी कागद वाचा, मराठी मनाचे काय ते आम्ही पाहू.’ मला फारसी येत नव्हती. येत होती झाडीबोली. मी घरी परतलो आणि कविता लिहू लागलो. त्याची खंत आहे, खोटे कशाला बोलू?

आता गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. नागपूरला खोली करून राहायची गरज नाही. वडिलांनी विचारले, ‘बसचा पास किती पडते?’ तेवढ्यात मुलगी आजीजवळ जाऊन बसली होती. दंडारीतली जुनी गाणी आजीला पाठ आहेत. पण ती म्हणे, ‘आधी चाय पिऊ दे, मग लिव.’